‘समजलं का?’ – ‘हो.’

दिवाळीत हिंगणघाटला घरी गेले होते. फराळाच्या ताटल्या आवरता आवरता मावशीने मला स्वयंपाकघरात थांबवलं. "तू पुण्याला असते, त्यातलं तुला कळते. याच्यासाठी एखादा चांगला सर पाहून दे ना बाई. ऑनलाइन असला तरी चालते. बाकी सगळं जमते म्हणतो, त्या त्रिकोणमितीतच अडकला आहे."

‘याच्यासाठी’ म्हणजे माझ्या मावसभावासाठी. दहावी, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. तो दारात उभा राहून चकली खात होता आणि हे बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असा चेहरा करून होता. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. या लेखाला परवानगी देताना त्याने तेवढी एकच अट घातली : "लिही ताई, पण नाव नको."

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. शोधणं हे माझं अर्धं काम आहे. चांगला शिक्षक शोधणं म्हणजे रेटिंग बघायचं, दोन डेमो घ्यायचे, तुलना करायची आणि निवडायचं, असं मला वाटलं होतं. पुण्याला परतल्यावर त्याच आठवड्यात मी तीन डेमो ठरवले आणि तिन्ही वेळा त्याच्यासोबत कॉलवर बसले.

पहिला एका मोठ्या ॲपचा. डेमोआधी एका ‘शैक्षणिक सल्लागारा’चा फोन आला. निर्णय घेणारे दोन्ही पालक कॉलवर हजर असतील ना, हे त्याने तीनदा विचारलं. डेमो मात्र देखणा होता. इमारत, तिच्यापासून दूर उभा माणूस, उन्नत कोन, सगळं पडद्यावर फिरत होतं. शेवटी सरांनी विचारलं, "समजलं का?" हा म्हणाला, "हो सर." नंतर वर्षाच्या पॅकेजचा आकडा कळला. काका जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांचा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला असता.

दुसरे सर हमखास मार्कांचे होते. ‘पंडित बद्री प्रसाद हर हर बोले’ या ओळीतून साइन, कॉस, टॅन कसे काढायचे, पाच बोटांवर ०, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांच्या किमती कशा मोजायच्या, सगळं वीस मिनिटांत. "हे शंभर प्रश्न करा, यातलेच येतात. समजलं का?" "हो सर."

तिसरे निवृत्त प्राध्यापक. मला सगळ्यांत आवडले ते हेच. त्यांनी धनुष्य काढलं. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्याची काठी आणि तिची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी, अर्थात ज्या. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास या ज्येच्या अर्ध्या भागाचं, म्हणजे अर्धज्येचं, कोष्टक दिलं. पुढे ‘अर्ध’ गळून नुसतं ‘ज्या’ राहिलं. अरबांनी तो शब्द ‘जीबा’ असा उचलला. त्यांच्या लिपीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे नंतर कुणीतरी तो ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने त्या अर्थाचा शब्द घातला : सायनस. त्यावरून साइन. मी भारावून ऐकत होते. सरांनी विचारलं, "समजलं का?" "हो सर."

कॉल संपल्यावर मी त्याला विचारलं, "तिघांतले कोणते बरे वाटले?" तो म्हणाला, "तिघंही चांगले आहेत ताई."

मला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं. जे कळलंय त्याबद्दल माणसाचं काहीतरी मत बनतं. हे सोपं होतं, ते कंटाळवाणं होतं, असं काहीतरी. ‘तिघंही चांगले’ हे न कळलेल्या माणसाचं सभ्य उत्तर होतं. पण मी त्याचा अर्थ असा लावला की कुणीही चालेल. मग मीच का नको?

*

नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीन रात्री, नऊ ते दहा, व्हिडिओ कॉलवर मी शिकवायला लागले. उत्साह इतका की दोन शनिवार खर्चून एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात वर्तुळावर एक ठिपका फिरतो आणि शेजारी त्याच्या उंचीची लाट उमटत जाते. हे मला माझ्या शाळेत कुणी दाखवलं असतं तर, असं मनात होतं. तो म्हणायचा, "भारी आहे ताई."

तिसऱ्या आठवड्यात मी त्याला एक साधी सिद्धता लिहायला दिली. साइन थीटा भागिले कॉस थीटा बरोबर टॅन थीटा. त्याने वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. वरचा थीटा आणि खालचा थीटा, दोन्हींवर तिरकी रेघ. थीटा कापले होते. उरलं होतं नुसतं साइन भागिले कॉस.

मी हसले. मुद्दाम नाही, पण चांगलं खळखळून हसले. "अरे, थीटा काय कापतोस! मग कॉसमधला ‘एस’ आणि साइनमधला ‘एस’ पण काप की!" माझी रूममेट मागून जात होती, तिला दाखवलं, तीही हसली. पडद्यावर तोही हसला. मग मी नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "समजलं का?"

"हो ताई."

त्यानंतर दीड महिना तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो ताई’ म्हणाला. मला वाटलं, गाडी रुळावर आली. जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. भूमितीच्या पेपरात चाळीसपैकी नऊ.

मावशी मला काहीच बोलली नाही. काका त्याला बोलले. बरंच बोलले, हे मला नंतर कळलं. "ताई रात्री दहा-दहापर्यंत जागते तुझ्यासाठी," हे त्या बोलण्यातलं मुख्य वाक्य होतं. म्हणजे माझ्या शिकवण्याचा त्याला झालेला एकमेव उपयोग असा, की त्याच्या डोक्यावरचं ओझं थोडं वाढलं.

*

‘समजलं का?’ला दिलेलं ‘हो’ हे आपण आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा बोललेलं खोटं असावं. शाळेत, बँकेत, डॉक्टरसमोर, फॉर्म भरताना. मी याला खोटं म्हणतेय, पण हे खोटं नेमकं कुणाचं?

सरळ बघितलं तर म्हणणाऱ्याचं. त्याला कळलं नव्हतं, तरी तो हो म्हणाला. शाळेत आम्हाला हेच ऐकवलं जायचं : "नाही कळलं तर विचारायला काय झालं? तोंड नाही का?" या म्हणण्यात असं गृहीत आहे की ‘नाही’ म्हणणं फुकट असतं. ते फुकट नसतं. पन्नास मुलांच्या वर्गात ‘नाही’ म्हणणारा पन्नास जणांचा वेळ खातो, सरांचा मूड घालवतो आणि पुढचे दोन दिवस मधल्या सुट्टीत त्याचं भांडवल होतं. पैसे भरून लावलेल्या शिकवणीत ‘नाही’ म्हणणं म्हणजे आईवडलांचे पैसे वाया जातायत असं कबूल करणं. आणि पुण्याहून फुकट शिकवणाऱ्या, आपल्यासाठी खास प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईला ‘नाही’ म्हणणं तर कृतघ्नपणाच. ‘नाही’ची किंमत मी स्वतःच इतकी वाढवून ठेवली होती, आणि वर एकदा हसून त्याला पावतीही दिली होती.

मी त्याच्याहून वेगळी आहे असंही नाही. तीन वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीत, नकाशावर धावणाऱ्या गाडीचं चित्र रस्त्याच्या दिशेने वळवायचं काम माझ्याकडे होतं. मी कोन अंशांत मोजून सरळ साइनच्या फंक्शनला दिला. साइन ३० म्हणजे अर्धा, हे बोटांवर पाठ होतं. कॉम्प्युटर म्हणाला, उणे ०.९८८. पडद्यावर गाड्या वेड्यावाकड्या फिरत होत्या. सीनियरने एका वाक्यात सांगितलं, "ते रेडियनमध्ये घेतं. समजलं ना?" मी म्हणाले, "यस यस." जागेवर आले, इंटरनेटवर शोधलं, कोनाला ०.०१७४५ ने गुणायचं असं मिळालं. गुणलं. गाड्या सरळ झाल्या. हा आकडा म्हणजे पाय भागिले १८० आहे, हेसुद्धा मला तेव्हा जाणवलं नाही. वर्तुळाची त्रिज्या दोरीसारखी परिघावर वाकवून ठेवली तर मध्यभागी जो कोन होतो तो एक रेडियन, साधारण ५७ अंशांचा, एवढी साधी गोष्ट आहे ती. गणिताचे चार पेपर पास होऊन, इंजिनीअरिंगची पदवी घेऊन, मी ती विचारू शकले नाही. कारण पदवीनंतर ‘नाही’ आणखी महाग होतं.

म्हणून मला आता वाटतं, हे खोटं एकट्या म्हणणाऱ्याच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे. ज्या प्रश्नाला एकच उत्तर परवडतं, तो प्रश्न विचारणाराही त्या उत्तरात भागीदार असतो. ‘समजलं का?’ हा बऱ्याचदा प्रश्न नसतोच. ‘पुढे जाऊ ना?’ अशी ती परवानगी असते, आणि मागणाऱ्याला ती मिळणार हे आधीच ठाऊक असतं.

*

पूर्वपरीक्षेनंतर एका रात्री झोप येईना म्हणून मी प्लेटोचा ‘मेनो’ पुन्हा वाचला. त्यातला भूमितीच्या शिकवणीचा प्रसंग बहुधा जगातला सगळ्यांत प्रसिद्ध असेल. मेनो नावाचा श्रीमंत पाहुणा सॉक्रेटिसशी वाद घालतोय. सॉक्रेटिसचं म्हणणं, शिकणं म्हणजे बाहेरून काही आत ओतणं नसून आत असलेलंच आठवणं आहे. पुरावा म्हणून तो मेनोच्या नोकरांतला एक गुलाम मुलगा बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती हवी?

मुलगा ठामपणे सांगतो, दुप्पट, चार फूट. काढून बघतात तर क्षेत्रफळ सोळा होतं. मग तो म्हणतो तीन. तर नऊ. मग तो कबूल करतो की आपल्याला माहीत नाही. इथे सॉक्रेटिस मेनोकडे वळून म्हणतो की बघ, याचं नुकसान झालं की फायदा? मघाशी याला वाटत होतं की येतं. आता येत नाही हे कळलंय, म्हणून तो शोधायला तयार आहे. पुढे प्रश्नांच्या साखळीतून मुलगा कर्णापर्यंत पोचतो. जुन्या चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू.

पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा मी या शिक्षकाच्या प्रेमात पडले होते. या वेळी माझं लक्ष मुलाच्या उत्तरांवर गेलं. चुकलेले दोन अंदाज आणि ते एक ‘माहीत नाही’ सोडलं, तर तो बहुतेक वेळा फक्त ‘हो’ म्हणतो. सॉक्रेटिस विचारतो, हे असं आहे ना? हो. मग हे असं होईल ना? हो. तो गुलाम आहे. समोर मालक बसलाय, मालकाचा मोठा पाहुणचार करणारं शहर आहे. त्याने दुसरं काय म्हणावं? सॉक्रेटिसलाही ही शंका असावी, कारण प्रसंगाच्या शेवटी तो स्वतःच म्हणतो की ही मतं आत्ता त्याच्यात स्वप्नासारखी जागी झालीत. हेच प्रश्न पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले तर खरं ज्ञान होईल. पण ते पुन्हा विचारणं संवादात येत नाही. मुद्दा सिद्ध झाल्यावर दोघं आपल्या चर्चेकडे वळतात. मुलाचं पुढे काय झालं, ते पुस्तक सांगत नाही. त्याचं नावही सांगत नाही.

पुस्तक मिटलं तेव्हा मला माझा प्रोग्राम आठवला. वर्तुळावरचा ठिपका आणि शेजारची लाट. तो कुणासाठी होता? पाठांतराने पुढे गेलेल्या मला, समजून शिकवणारी व्हायचं होतं. माझ्या शाळेवरचा, माझ्या पदवीवरचा राग मला कुठेतरी सिद्ध करायचा होता आणि त्यासाठी एक मुलगा हवा होता. मार्कांवाले सर त्याला शंभर प्रश्नांनी वापरत होते, ॲप पॅकेजने वापरत होतं आणि मी ‘खऱ्या आकलना’ने वापरत होते. आमच्यापैकी कुणीच त्याला विचारलं नव्हतं की तू नेमका कुठे उभा आहेस.

*

ते विचारणारी माणूस मावशीच्याच गल्लीत निघाली.

जानेवारीच्या शेवटी मी दोन दिवस घरी गेले, तेव्हा तो संध्याकाळी वही घेऊन कुठेतरी निघाला होता. गल्लीच्या टोकाच्या घरात एक मुलगी समोरच्या खोलीत शिकवण्या घेते. स्वतः बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. महिना चारशे रुपये, आठ-नऊ मुलं, एक फळा. मी मावशीला म्हटलं, ही इथे होती तर मला पुण्यातून शोधायला का सांगितलंस? मावशी म्हणाली, "ती गल्लीतलीच पोरगी बाई. म्हटलं, त्रिकोणमितीला कुणी मोठं माणूस पाहिजे."

मी परवानगी काढून मागे सतरंजीवर बसले. तिने त्याला फळ्याजवळ बोलावलं नाही, स्वतःच त्याच्या शेजारी जाऊन बसली. वहीत दोन अपूर्णांक लिहिले. तीन छेद चार आणि सहा छेद आठ. "यातला मोठा कोणता?"

तो म्हणाला, "सहा छेद आठ."

मी श्वास रोखला. ती हसली नाही, दचकली नाही, ‘अरे सहावीचं आहे हे’ असंही म्हणाली नाही. म्हणाली, "का?" तो म्हणाला, "दोन्ही आकडे मोठे आहेत." ती म्हणाली, "बरोबर, आकडे मोठे आहेत." आणि कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या काढल्या. एकीला घड्या घालून चार भाग, दुसरीला आठ. रंगवायला लावलं. तीन भाग आणि सहा भाग एकाखाली एक धरले. तो बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत बसला.

मला तेव्हा उलगडलं. त्रिकोणमिती ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती ही : काटकोन त्रिकोण लहान असो की मोठा, कोन तेच असतील तर बाजूंचं गुणोत्तर बदलत नाही. तीन-चार-पाचचा त्रिकोण दुप्पट करा, सहा-आठ-दहा होईल. तीन छेद चार आणि सहा छेद आठ हे एकच, म्हणूनच ‘टॅन’ हा कोनाचा गुण ठरतो, त्रिकोणाच्या आकाराचा नाही. ज्याला सहा छेद आठ मोठा वाटतो त्याच्यासाठी हे सगळं प्रकरण जादूटोणा आहे. त्याला कुणी बोटांवर शिकवा नाहीतर धनुष्यावर.

मग तो इतकी वर्षं पास कसा झाला? कापून. वर-खाली सारखं दिसलं की कापायचं, हा एक नियम त्याला पक्का येत होता. अपूर्णांकांच्या जगात त्याच्याजवळची ती एकमेव विश्वासू वस्तू होती. थीटा वरही होता आणि खालीही. त्याने कापला. मी ज्याला हसले तो मूर्खपणा नव्हता, शिकवलेल्या नियमाशी त्याने ठेवलेला प्रामाणिकपणा होता.

थीटा का कापता येत नाही, हे त्याला तिने नंतर सांगितलं. ते मला माझ्या सगळ्या ॲनिमेशनपेक्षा चांगलं वाटलं. "साइन हा आकडा नाही. ‘या कोनाचं गुणोत्तर किती?’ असा तो प्रश्न आहे. प्रश्नातला कोनच काढून टाकला तर विचारायचं कुणाबद्दल?" आणि लगेच, "आता हे तू मला सांग." तासाभरात तिने एकदाही ‘समजलं का?’ विचारलं नाही. ‘आता तू सांग’ एवढंच. तो सांगताना अडखळला की जिथे अडखळला तिथून ती पुन्हा सुरू करायची.

*

हिंगणघाटचा त्रिकोणमितीशी एक जुना संबंध आहे. तिथे बारावीपर्यंत राहून मला तो माहीत नव्हता. विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेषा अत्यंत बारकाईने मोजली आणि तिथून भारताचं महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झालं. युक्ती अशी की एक बाजू नीट मोजली की पुढे फक्त कोन मोजत जायचं. एक बाजू आणि कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ते काम पुढे हिमालयापर्यंत गेलं. लॅम्ब्टन मात्र १८२३ मध्ये, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, हिंगणघाटला वारला.

या पद्धतीत एक धोका आहे. पहिल्या रेषेत चूक राहिली तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरते, आणि कोन कितीही अचूक मोजले तरी निघत नाही. म्हणून सर्वेक्षक काही अंतर गेल्यावर थांबून जमिनीवर एक नवी रेषा प्रत्यक्ष मोजायचे. गणिताने आलेली लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी जुळते का, ते बघायचे.

माझ्या भावाच्या पहिल्या रेषेत सहावीपासून चूक होती. सातवी, आठवी, नववी, प्रत्येक वर्षाने तिच्यावर नवा त्रिकोण रचला आणि प्रत्येकाने विचारलं, समजलं का? आम्ही तीन डेमोवाले आणि चौथी मी, आम्ही सगळे शेवटच्या त्रिकोणाचे कोन जास्त जास्त सुंदर करून दाखवत होतो. खाली उतरून साखळी जमिनीवर टाकली ती या मुलीने.

*

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. अशा वेळी अपूर्णांकांच्या पट्ट्या रंगवत बसणं ही चैन नाही का? मी तिला हेच विचारलं. आणि खरं सांगायचं तर मला हे विचारायचा हक्कही कितपत होता? मी स्वतः पाठ करून इथवर आले. पाठ केलं म्हणून मार्क मिळाले, मार्क मिळाले म्हणून कॉलेज मिळालं, त्यातून नोकरी. ज्या शिडीने मी चढले ती शिडी खालच्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून नाकारणं, हा सुखवस्तू माणसाचा दांभिकपणा झाला असता.

ती म्हणाली, "ताई, मार्क पण लागतातच ना. कोष्टक मी त्याला पाठ करायला दिलंय. रोज म्हणून घेते. फक्त त्याला सांगितलंय, हे पाठ केलेलं आहे, कळलेलं नाही. वहीत खूण करून ठेव."

त्याची वही मी पाहिली. काही सूत्रांशेजारी पेन्सिलने छोटं ‘पा’ लिहिलं होतं. पाठ. काहींवरचं ‘पा’ खोडलेलं होतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ‘पा’मध्ये मिळालं. पाठांतर म्हणजे उधारी. उधारीवर जगणारे सगळेच आहेत. मी रोज असं कोड वापरते ज्याच्या आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि तसं वापरल्याशिवाय एक दिवस काम चालणार नाही. उधारी हे पाप नाही. उधार घेतलेलं आपलंच आहे असं सगळ्यांनी मिळून मानणं, तिथे बिघडतं. कारण मग फेडायची गरजच उरत नाही, आणि एक दिवस थीटा कापल्यावर कुणीतरी हसतं. त्या मुलीने त्याला एक साधी गोष्ट दिली होती. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही यातली रेघ त्याच्याच हातात, पेन्सिलने.

तेव्हा तुमच्याही घरी कुणी म्हणालं, की याच्यासाठी त्रिकोणमितीला चांगला सर बघ, तर माझ्याजवळ सांगण्यासारखं फार थोडं आहे. शिकवणारा किती छान समजावतो हे डेमोत बघू नका. छान समजावणारे तिघं मी पाहिले. मुलाचं पहिलं चुकीचं उत्तर येऊ द्या आणि त्या क्षणी शिकवणाऱ्याचा चेहरा बघा. तो ‘का?’ असं खरंच विचारतो का? दोन इयत्ता मागे जायला त्याला कमीपणा वाटतो का? त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणणं स्वस्त आहे का? असलं, तर तो प्राध्यापक असो की गल्लीतली पोरगी, तिथे मुलगा शिकेल. आणि हे सगळं बघण्याआधी, घरात आपण ‘नाही’ची किंमत किती लावून ठेवलीय तेही एकदा मोजा. ती आपण ठरवलेली असते, शिक्षकाने नाही.

*

मार्चमध्ये भूमितीचा पेपर झाला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी ऑफिसातून निघत होते. म्हणाला, त्रिकोणमितीचे दोन प्रश्न जमले, उंचीचं गणित पण जमलं.

"आणि शेवटचं? सिद्ध करायचं होतं ते?"

"ते नाही आलं," तो म्हणाला. "म्हणजे डाव्या बाजूने गेलो तर मध्ये अडकलो. कुठे अडकलो ते माहीत आहे. दाखवू?"

मी पार्किंगमध्येच खाली बसले आणि पिशवीतून वही काढली. त्याने पहिल्या तीन ओळी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. चौथ्या ओळीवर मीही अडकले.

"थांब," मी म्हटलं. "मला पण नाही समजलं."